जित्या जखमेची माशी

आमच्या घरमालकांना कुणी रामराम घातला, की ते आधी त्याच्या बैलांकडे जायचे. जू वर उचलून खांदा बघायचे, वाकून वास घ्यायचे, आणि मग माणसाकडे वळून म्हणायचे, "हं, बोला." ज्याच्यापाशी बैल नसत त्याची पंचाईत. मी पहिल्यांदा खोली मागायला गेलो तेव्हा त्यांनी मलाच बैलासारखं न्याहाळलं. न्हाव्याचा वस्तरा लागून माझी हनुवटी जरा कापली होती. "हे कवाचं?" त्यांनी विचारलं. "सकाळचं," मी म्हणालो. "चुना लावा. उघडं ठेवू नोका." खोलीचं बोलणं त्यानंतर झालं, आणि तेही उभ्या उभ्या.

तो कापसाच्या तेजीचा काळ होता. अमेरिकेत कुठंतरी लढाई पेटली होती आणि तिच्यापायी वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते. आगगाडी अकोल्यापर्यंत येऊन पोचली होती, पुढचे रूळ टाकणं चालू होतं, पण कापसाला तेवढा धीर कुठला? अमरावतीपासून अकोल्यापर्यंत बंड्यांची रांग लागायची. वऱ्हाडात बैलगाडीला बंडी म्हणतात. मी देशावरून एका दलालाकडे कारकुनीला आलो होतो. अमरावतीच्या परकोटाबाहेर, अकोल्याच्या वाटेवर घरमालकांचा गाडीतळ होता. मोठं आवार, मधे विहीर, एका अंगाला ओळीनं खोल्या. त्यातल्या एका खोलीत मी आणि माझी बायको राहत होतो.

बाहेरून बघणाऱ्याला तो तळ म्हणजे भरभराट वाटे. बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्या, गाडीवानांच्या डोक्याला नवेकोरे फेटे. घरमालकांना मात्र नुसते खांदे दिसायचे. एक खेप टाकून आलेला बैल लगेच पुन्हा जुंपला जाई. जुवाखालची कातडी आधी सुजे, मग सोलून निघे. "पोळ्याच्या आदल्या दिवशी खांद्याले लोणी लावता," ते गाडीवानांवर खेकसायचे, "अन् वरीसभर त्याच खांद्याचं कातडं काढता. बैल काय लोण्यावर खूश हाय?" आणि खांदा जिथं सोलला, तिथं ती यायची.

ती म्हणजे एक माशी. घरमालक तिला 'निळी' म्हणत. घरातल्या माशीपेक्षा थोराड, अंग निळं-हिरवं चकाकणारं आणि तोंड शेंदरी. मेलेल्या जनावरावर घोंगावणारी हिरवी माशी लांबून तशीच दिसते, पण घरमालक फसायचे नाहीत. उडती माशी ते मुठीत पकडत, पंखांना धरून तिचं तोंड उजेडाकडे करत. शेंदरी नसलं तर सोडून देत. "जाऊ द्या. गरीब हाय. मेलेल्याचं खाते, कोनाचं काय घेते?" शेंदरी असलं की त्यांचा आवाज एकदम खाली यायचा. "ही पाहा. हिले मेलेलं चालत नाई. हिच्या लेकराईले जितं मास लागते."

हे त्यांनी नुसतं मानलेलं नव्हतं. एकदा त्यांनी मेलेल्या शेळीचं मांस एका पाटीत घालून आवारात ठेवलं आणि शेजारी खांदा सोललेला एक बैल बांधला. हिरव्या माश्या पाटीवर तुटून पडल्या. निळी आली ती पाटीकडे न बघता सरळ बैलाच्या खांद्यावर. त्या दिवशी त्यांना जेवण गोड लागलं. मला मात्र नाही, कारण मी जेवत असताना समोर बसून त्यांनी तिचा सगळा संसार सांगितला. जखमेच्या काठाशी ती कण्या चिकटवाव्यात तशी पांढरी अंडी घालते. दुसऱ्या दिवशी अळ्या निघतात. तोंड आत आणि शेपूट बाहेर करून त्या मांसात शिरतात, कारण श्वास शेपटीनं घेतात. सडत चाललेल्या जखमेचा वास सुटला की त्या वासानं आणखी निळ्या येतात.

"काकाजी," माझी बायको आतून म्हणाली, "हे जेवताहेत."

"मंग काय झालं सूनबाई? ते बी जेवूनच राहिले."

ती हसली. तिची आणि त्यांची अशी चकमक रोज व्हायची आणि दोघांनाही ती हवी असायची.

सगळंच त्यांचं खरं असे, असं मात्र नाही. इंजिनाच्या धुरानं निळी आंधळी होते, म्हणून अकोल्याला स्टेशनच्या आसपास ती औषधालाही सापडणार नाही, असं ते छातीठोक सांगत. मी कामानं अकोल्याला गेलो तेव्हा मालधक्क्याबाहेर उभ्या असलेल्या बैलांवर ती थव्यानं बसलेली पाहिली. परत येऊन मी ते सांगितलं. घरमालक कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत. विहिरीवर गाठ पडली की माझ्या बायकोला म्हणायचे, "तुमच्या यजमानाईले सांगा, त्यांनी पायल्या त्या हिरव्या होत्या."

पण तळावर ताण होता तो या थट्टामस्करीचा नव्हता. त्याचं कारण जुनं होतं.

घरमालकांचे वडील किडे झाडणारे म्हणून सगळ्या मुलुखात प्रसिद्ध होते. जनावराच्या जखमेत किडे पडले की धनी यांच्या दारात यायचा, जनावराचा रंग आणि गाव सांगायचा. वडील विहिरीच्या काठावर बसत, त्या गावाकडे तोंड करत आणि मंत्र म्हणत. बैल अचलपूरला का असेना, आठवड्याच्या आत किडे झडून खाली पडत. आणि एक नेम होता. झडलेला किडा मारायचा नाही. ज्यानं शब्द ऐकून घर सोडलं, त्याला मारलं तर मंत्र उलटतो. म्हणून खाली पडलेल्या किड्यांवर माती लोटायची आणि वर हळदकुंकू वाहायचं. वऱ्हाडातल्या गोठ्यागोठ्यांतून हा नेम पाळला जात होता.

वडील गेल्यावर मंत्र घरमालकांकडे आला, आणि त्यांनी तो म्हणायचं बंद केलं.

"झाडत नाई कोनी," ते म्हणायचे. "झडतात. पोट भरलं का आपल्या पायानं उतरतात. त्याईले फकस्त माती पायजे. आमी त्याईले माती देऊन राहिलो, वरतून हळदकुंकू!"

हे पटवायला त्यांनी खोलीच्या मागं मडकी मांडली होती. मडक्यात ओलसर माती, तीत झडलेले किडे, तोंडाला फडकं बांधलेलं. किडे मातीत शिरत, त्यांचे गव्हाच्या दाण्यासारखे तपकिरी कोश होत, आणि काही दिवसांनी फडक्याखाली निळ्या भणभणायला लागत. घरमालक दिसेल त्या गाडीवानाला हाताला धरून नेत. "आइक. कान लाव. तुझ्याच बैलाचे हायेत." गाडीवान कान लावत, घाबरत आणि घरी जाऊन सांगत की मंत्र टाकल्यामुळे म्हाताऱ्याला किड्यांनी धरलंय. एका सकाळी सगळी मडकी फुटलेली सापडली. घरमालकांनी खापऱ्या गोळा केल्या आणि कुंभाराकडून नवी मडकी आणली. कुणाला शिवी दिली नाही, याचंच मला भय वाटलं.

मी एकदा त्यांना विचारलं, की म्हणून टाकला मंत्र, तर तुमचं काय जातं? लोकांचं समाधान होईल, बैलावर औषध तुम्ही करालच. ते विहिरीच्या काठावर बसले होते. 

"माझी बहीण अचलपूरले देली होती," ते म्हणाले. "तिचा कान वाहे. कानात किडे पडले. तिच्या सासऱ्यानं माणूस धाडला. माझा बाप इथीसाच बसला, याच दगडावर, अन् मंत्र म्हटला. मी त्याले म्हटलं, बाबा, बंडी जुंपतो, जाऊन पाहू. तो म्हणे, कायले? झडतील. अन् झडले बरं भाऊ. बराबर वेळेवर झडले. तिचं मयत उचललं तवा उशीवर सापडले."

मग त्यांनी मला सांगितलं की मंत्र खोटा आहे हे त्यांना तेव्हाच कळलं, पण बापाच्या हयातीत तोंड उघडता आलं नाही. बाप गेल्यावर त्यांनी शपथ घेतली की हे शब्द पुन्हा जिभेवर आणायचे नाहीत. त्या शपथेपायी त्यांनी भाऊबंद तोडले, तळावरचा मान घालवला. मला त्या दिवसापासून त्यांच्याबद्दल फार माया वाटायला लागली.

गाडीवानांचा एक म्होरक्या होता. पांढऱ्या मिशा, फाटका आवाज, आणि जीव लावलेला एक बैल. त्या बैलाच्या खांद्यात किडे पडले. म्होरक्या घरमालकांपुढे येऊन उभा राहिला. "मालक, आता झालं तेवढं लय झालं. मंत्र म्हना, नाईतर उद्या सगळ्या बंड्या दुसऱ्या तळावर नेतो."

"ने ना. निळी तिथी बी हाय."

"काहून म्हणत नाई तुमी? तोंड झिजते काय?"

"हे पाय," घरमालक म्हणाले, "बैल माझ्याजवळ ठेव. मंत्र न म्हणता चांगला करून देतो. झाला तर आजपासून या तळावर झडलेला किडा मातीत जायचा नाई, चुलीत जाईन. नाई झाला तर मी तळ सोडतो, तूच बस इथी."

अख्ख्या तळासमोर हे ठरलं. घरमालकांनी बैल फरशीवर बांधला. सीताफळाचा पाला वाटून रस जखमेत पिळला, वर आलेले किडे चिमट्यानं उपसले आणि विस्तवात टाकले. रोज तेच. म्होरक्या लांब बसून बघत असे. हळूहळू जखमेचा वास गेला, कडेनं लाल मांस भरत आलं. एका संध्याकाळी म्होरक्यानं बैलाच्या खांद्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "मालक, जित्तलं तुमी. उद्या सगळ्याईले बोलावतो. तुमी सांगान तसं." घरमालक त्या रात्री आमच्या दारात येऊन बसले आणि माझ्या बायकोकडे मागून दोनदा गूळ खाल्ला. त्यांना इतकं खुशीत मी कधी पाहिलं नव्हतं.

तो उद्या उजाडला, पण वेगळाच.

माझ्या बायकोच्या नाकाला काही दिवस त्रास होता. नथ बांगडीत अडकून हिसका बसला आणि नाकाचं भोक फाटलं. घरमालकांनी पहिल्याच दिवशी ओळखलं. "सूनबाई, नथ काढून ठेवा. जखम ओली हाय. हळद भरा अन् फडकं बांधा." तिनं हळद भरली, पण नथ काही काढली नाही. गावात हळदीकुंकवांचे दिवस होते आणि मोकळ्या नाकानं सवाष्ण जाणार कशी? "तुमची निळी माझ्या नथीला भिते, काकाजी," ती म्हणाली. दुपारी कामं आवरून ती ओसरीवर पडायची आणि तिचा डोळा लागायचा. तेवढं निळीला पुरलं.

तिनं मला काही सांगितलं नाही. कपाळ दुखतं म्हणाली, पदर नाकावर घेऊन वावरायला लागली. नाकातून गुलाबी पाणी गळतंय हे लपवत होती. त्या सकाळी ती विहिरीवर गेली, तेव्हा घरमालक बऱ्याच अंतरावर बैलांना पेंढी टाकत होते. त्यांनी हातातली पेंढी खाली ठेवली. मान वर करून वास घेतला. मग बैलांच्या ओळीकडे न जाता ते सरळ विहिरीकडे आले.

"सूनबाई, पदर काढा."

तिनं मान हलवली. मी धावत गेलो. पदर बाजूला झाला तेव्हा तिच्या नाकाची डावी बाजू डोळ्यापर्यंत सुजली होती. नथीच्या तारेभोवती काहीतरी हललं. 

"अकोल्याला गोरा डॉक्टर आहे," मी म्हणालो. "आत्ता बंडी जुंपतो."

"अकोल्याले पोचस्तोवर डोळा जाईन. मंग टकुरं." त्यांनी हे तिच्यासमोरच सांगितलं. "इथीच करा लागते. उन्हात, उजेडात. आत्ताच."

आवारात भर उन्हात बाज टाकली. बैठकीला म्हणून जमलेले सगळे गाडीवान भोवती उभे राहिले; त्यांना हाकलायला कुणाला सुचलं नाही. सीताफळाच्या रसाचं नाव मी काढलं तर घरमालक माझ्यावर ओरडले, की तो डोळ्यात उतरला तर डोळाच जाईल. त्यांनी जवसाच्या तेलात कापूर घोटला. तेलानं किड्यांची शेपटं बुजतील, श्वासासाठी ते वर येतील, तेव्हा एकेक चिमट्यानं ओढायचा. ओढताना तुटला तर तुकडा आत कुजेल. आणि हे होईस्तोवर तिनं तसूभर हलायचं नाही. आधी नथ काढावी लागली. ती तिनं स्वतःच्या हातानं काढली आणि माझ्या हातात दिली. तारेला रक्त होतं.

घरमालक चिमटा घेऊन वाकले. तिनं त्यांचं मनगट धरलं.

"मंत्र म्हणा," ती म्हणाली.



"सूनबाई, मंत्रानं काई होत नाई. तुमाले सांगतलं ना मी. माझी बहीण—"

"तुमची बहीण गेली, मला माहीत आहे. म्हणूनच मी मरणाला भ्यायलेय." ती म्हणाली. "नुसता चिमटा आत गेला तर मी हलेन, काकाजी. मला माझं माहीत आहे. काहीतरी कानावर पडू द्या. मंत्र म्हणा, मग मी हलणार नाही."

"आरती म्हणतो. अभंग म्हणतो."

"ते किड्यांसाठी नाही."

मला तिचा संताप आला आणि तिच्यासाठी जीवही तुटत होता. मी घरमालकांकडे पाहिलं. ते म्होरक्याकडे बघत होते. म्होरक्याच्या मागं त्याचा बैल फरशीवर उभा होता, खांद्यावर नवी कातडी धरलेला. तळावरचा प्रत्येक माणूस कान टवकारून उभा होता. इतक्या वर्षांनी ज्या दिवशी ही माणसं त्यांचं ऐकायला जमली होती, त्याच दिवशी घरमालकांना या सगळ्यांसमोर खोटं ठरायचं होतं.   माझी बायको जगावी एवढंच मला हवं होतं.

घरमालकांनी डोळे मिटले, उघडले आणि तोंडातल्या तोंडात सुरुवात केली.

"मोठ्यानं," ती म्हणाली.

मग त्यांनी मोठ्यानं म्हटला. काळ्या डोंगराची आण, निळ्या पाखराची आण, ज्या वाटेनं आला त्या वाटेनं जा, असं काहीसं होतं. अर्धं मराठी, अर्धं हिंदी, काही शब्द कुणालाच न कळणारे. एकेक ओळ ते सावकाश म्हणत, ओळ संपली की थांबत, आणि त्या थांबण्यात चिमटा चाले. तिनं नजर आभाळात लावली होती आणि दोन्ही हातांनी बाजेची दोरी धरली होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण मान हलली नाही. ओळ, थांबणं, चिमटा. पांढरा किडा वळवळत बाहेर येई आणि ते तो मातीच्या वाडग्यात टाकत. तेल पुन्हा घालत, पुन्हा वाट बघत. ऊन डोक्यावर आलं तरी त्यांचा हात एकदाही कापला नाही. आवाज मात्र कापत होता.

शेवटी त्यांनी नाकपुडी उन्हाकडे करून आत निरखून पाहिलं, वास घेतला आणि चिमटा खाली ठेवला. "झालं," ते म्हणाले. म्होरक्या पुढं झाला आणि सगळ्या तळादेखत त्यानं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. मागून कुणीतरी जयजयकार केला. घरमालकांनी किड्यांचा वाडगा उचलला आणि ते मागच्या मडक्यांकडे निघून गेले.

दोन दिवस आम्ही तिच्या डोळ्याकडे बघत होतो. तिसऱ्या दिवशी सूज उतरायला लागली. डोळा वाचला, ती वाचली. नाकाच्या त्या बाजूला खळगा पडला तो जन्माचा.

आणि तळ पुन्हा जिथं होता तिथं गेला. म्होरक्याचा बैल पाल्यानं बरा झाला हे कुणाच्या ध्यानातच उरलं नाही. कुणी म्हणे, मालकांनी मनातल्या मनात मंत्र म्हटला असणार, म्हणूनच बैल सुधारला. खांदे सोललेले बैल घेऊन लोक पहाटेपासून ओळ लावायला लागले. घरमालक दाराला कडी लावून बसले. मला वाटलं आता हा माणूस उठत नाही.

ते उठले ते माझ्या बायकोसाठी. ती पुन्हा हिंडूफिरू लागल्यावर त्यांनी तिला मागच्या अंगाला नेलं. मीही गेलो. एका मडक्याचं फडकं आतून थरथरत होतं.

"आइका."

तिनं कान लावला.  "ह्या माझ्या?"

"तुमच्याच. मंत्र आइकून निंगाले अन् आता उडून राहिले. पायलं? मेला नाई त्यानं एक बी."

ती आत गेली, चुलीवरचं आधणाचं पाणी घेऊन आली आणि फडक्यावरून ओतलं. मडकं गप्प होईपर्यंत ओतत राहिली. घरमालक तिच्याकडे बघत होते. मग ते दाराबाहेर गेले, जिथं बैलांची ओळ उभी होती, आणि पहिल्या बैलापाशी उभे राहून त्यांनी मंत्र म्हटला.

मंत्र संपल्यावर ते म्हणाले, "एक गोष्ट बाकी हाय. माझ्या बापानं जाताजाता मले सांगतली होती. आता नेम बदलला. जो किडा मातीत गेला तो मंत्र खाते. झडलेला किडा खापरात उचलून माझ्या चुलीत आणून टाकायचा. एक बी सुटला तर मंत्र उलटला समजा. अन् पाला रोज पिळायचा, पाल्याबिगर मंत्र चढत नाई."

बापानं असं काही सांगितलं नव्हतं. पण गाडीवानांनी ते शब्द न शब्द पाळलं. खापरं भरभरून किडे चुलीत यायला लागले. गोठ्यांतून, शेजारच्या तळांवरून, पुढं अकोल्याच्या वाटेवरच्या गावांतूनही. पुढच्या हंगामात आमच्या आवारात निळी शोधावी लागायची.

घरमालकांना याचा आनंद झालेला मी पाहिला नाही. लोक पाया पडायला लागले की ते तोंड फिरवत. मडकी त्यांनी भिंतीला लावून पालथी ठेवली. "खरं सांगत होतो तवा मडके फोडले," ते मला एकदा म्हणाले. "खोटं सांगतो तर पाया पडून राहिले. अन् काम तेच हाय भाऊ, रत्तीभर बदललं नाई. मी काय समजावं?"  त्यांचं हसणं कमी झालं, माझ्या बायकोशी होणाऱ्या चकमकी थांबल्या. तिच्यासमोर ते खाली मान घालून बोलायचे.

पुढं दलालानं कारभार अकोल्याला हलवला आणि आम्हाला तळ सोडावा लागला. बंडी भरली. म्होरक्याच हाकायला बसला होता. घरमालक दारात आले, जमलेले चारजण पटापट त्यांच्या पाया पडले. माझी बायको बंडीतून खाली उतरली आणि पदर सावरून त्यांच्यापुढे वाकली.

घरमालक झटकन दोन पावलं मागं सरले. "तुमी नका, सूनबाई," ते हलक्या आवाजात म्हणाले. "याईले माहीत नाई म्हणून हे पडतात. तुमाले तर खरं माहीत हाय."

"माहीत आहे, काकाजी," ती म्हणाली. "म्हणूनच पडतेय."

ती तशीच वाकून थांबली.  या वेळी त्यांनी पाय मागं घेतला नाही, आणि तिनं त्यांच्या दोन्ही पावलांवर डोकं ठेवलं.